बंद डब्यातली कुकी सादळते कशी?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वेंगुर्ल्याच्या आमच्या स्वयंपाकघरात पेकन पायच्या कुकीज झाल्या. भाची सुट्टीवर आली होती, येताना तिने पेकनची दोन पाकिटं आणली होती. पेकन म्हणजे अक्रोडाच्या कुळातलं, उत्तर अमेरिकेत रानात वाढणारं फळ. तिकडे मैद्याच्या पारीत साखरेचा पाक, अंडी, लोणी आणि पेकन घालून पाय भाजतात. आपली करंजी वरून उघडी ठेवली आणि ताटाएवढी केली तर जे होईल, तसं काहीसं. त्याची छोटी आवृत्ती म्हणजे या कुकीज: खुसखुशीत कुकीच्या मध्यभागी अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात लोणी, साय, साखर आटवून केलेलं पेकनचं चिकट सारण भरायचं. पेकन पुरले नाहीत म्हणून अर्ध्या कुकीजमध्ये आम्ही आमच्याच झाडाचे काजू घातले.

संध्याकाळी कुकी मोडली की कट्‌ असा आवाज येत होता. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून ठेवल्या. सकाळी उघडून बघते तर बोटाने दाबली की दबतेय. शेजारच्या काकी म्हणाल्या, "वारो लागलो गो तेंका." कोकणात पावसाळ्यात काहीही सादळलं की हेच उत्तर असतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण डबा तर बंद होता. त्याच डब्याच्या जोडीच्या दुसऱ्या डब्यात सारण न भरलेल्या सहा कुकीज होत्या, त्या तशाच कडक. मग वारा एकाच डब्याला कसा लागला?

म्हणून तिसरा डबा लावला. त्यात साध्या कुकीज आणि मधोमध वाटीत सारण, एकमेकांना कुठेही न टेकता. तिसऱ्या दिवशी त्या साध्या कुकीजही मऊ पडल्या होत्या. पाणी बाहेरून आलंच नव्हतं. ते वाटीतून उडून, डब्यातल्या मूठभर हवेतून जाऊन कुकीत शिरलं होतं.

आता यातला मला सर्वांत आवडणारा भाग. आपल्याला वाटतं, पाणी जास्त असेल तिथून कमी असेल तिथे जातं. तसं नाही. मधात साधारण १८ टक्के पाणी असतं आणि कोरड्या वाटणाऱ्या कणकेत १३-१४ टक्के. तरी दोन्ही एका बंद डब्यात ठेवली तर पाणी कणकेतून मधाकडे जाईल. कारण प्रश्न पाणी किती आहे हा नसून ते किती मोकळं आहे हा असतो. या मोकळेपणाला जल-सक्रियता म्हणतात. पदार्थावरच्या वाफेचा दाब भागिले त्याच तापमानाच्या शुद्ध पाण्यावरच्या वाफेचा दाब, असं ते गुणोत्तर. शुद्ध पाण्याचं १, ताज्या पावाचं ०.९५ च्या आसपास, मधाचं ०.६ च्या जवळ. पाणी नेहमी जास्त सक्रियतेकडून कमी सक्रियतेकडे जातं, दोन्हीकडे आकडा सारखा होईपर्यंत. नुकत्याच भाजलेल्या कुकीचा आकडा ०.२-०.३ असतो आणि आमच्या सारणाचा त्याच्या कितीतरी वर. रात्रभरात काय होणार ते ठरलेलंच होतं.

हा आकडा मोजायचं यंत्र महाग असतं, पण घरात मीठ असतं. स्वच्छ मिठाला ७५ टक्के आर्द्रतेच्या वर पाणी सुटतं, त्याखाली ते कोरडं राहतं. पावसाळ्यात आपली हवा ८५-९० टक्क्यांवर असते, म्हणून बरणीतलं मीठ ओलं होतं. (ज्या शिरोड्याला १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, तिथल्या मिठागरांतलं खडेमीठ याहून लवकर पाझरतं. त्यात मॅग्नेशियम क्लोराईड असतं आणि ते ३३ टक्क्यांपासूनच पाणी ओढतं. या प्रयोगाला शुद्ध मीठच हवं.) सारणाच्या वाटीशेजारी बाटलीच्या झाकणात चिमूटभर मीठ ठेवलं आणि डबा बंद केला. सकाळी मिठाचे कण एकमेकांना चिकटून त्यांच्या कडेला पाण्याचा चकाकता काठ आला होता. म्हणजे डब्यातली हवा ७५ टक्क्यांच्या वर, आणि सारणाची सक्रियता ०.७५ च्या वर.

ते खाली कसं आणायचं? पाक जास्त आटवणं हा एक मार्ग. गोळीबंद पाक म्हणजे ११२ ते ११६ अंश सेल्सिअस, त्यात साखर सुमारे ८५ टक्के. पण नुसत्या साखरेचा इतका घट्ट पाक थंड झाला की खडे धरतो. इथे आपल्या आज्यांची युक्ती कामाला येते: पाकात लिंबू पिळणं. आम्ल आणि उष्णतेने साखरेच्या एका रेणूचे दोन तुकडे होतात, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. वेगवेगळ्या रेणूंच्या अशा मिसळगर्दीत खडे जमत नाहीत हे आपल्याला ठाऊक असतं. दुसरा फायदा मात्र सहसा कोणी सांगत नाही. पाण्याला किती बांधून ठेवायचं हे मुख्यतः विरघळलेल्या रेणूंच्या संख्येवर ठरतं, त्यांच्या वजनावर नाही. एकाचे दोन झाले की तेवढ्याच साखरेत पाणी धरणारे हात दुप्पट होतात आणि सक्रियता उतरते. अमेरिकेतल्या पायमध्ये मक्याचं सिरप घालतात (तिथला प्रसिद्ध कारो ब्रँड १९०२ चा), तेही हेच काम करतं. आपल्याकडे काकवी आहे. तिच्यात अशी फुटलेली साखर आयतीच भरपूर असते.

तेव्हा वाटलं, कुकीच्या पिठातही साखरेऐवजी काकवीच घालावी. ती चूक होती, आणि तिचं कारण थोडं अवघड आहे. कुरकुरीत कुकी ही भौतिकशास्त्राच्या भाषेत काच असते. तिच्यातली साखर आणि स्टार्च यांचे रेणू स्फटिकासारखे रांगेत बसलेले नसतात. अस्ताव्यस्त अवस्थेतच ते जागच्या जागी थिजलेले असतात. प्रत्येक काचेला एक तापमान असतं, त्याच्या वर ती मऊ, चिवट होते. कोरड्या साखरेच्या काचेसाठी ते ६० अंशांच्या वर आहे, ग्लुकोजसाठी सुमारे ३१ आणि फ्रुक्टोजसाठी अवघं ५. पाण्यासाठी तर उणे १३५ च्या आसपास, म्हणून पाणी जरा जरी मिसळलं तरी मिश्रणाचा आकडा झपाट्याने कोसळतो. साखरेच्या काचेत तीन-चार टक्के पाणी शिरलं की तो आमच्या जुलैतल्या स्वयंपाकघराच्या २८ अंशांवर येतो. अन्नाकडे असं काच म्हणून बघण्याची दृष्टी १९८० च्या दशकात लुईस स्लेड आणि हॅरी लेव्हिन या अमेरिकन संशोधकांनी रुजवली. याचा आपल्यापुरता अर्थ एवढाच: फ्रुक्टोज सारणात मित्र, पारीत शत्रू. काकवी आत, साखर बाहेर.

जल-सक्रियतेच्या आकड्यावरून मला लोणच्याबद्दलही बोलायचं आहे. विटाळशीचा हात किंवा सावली पडली की लोणचं नासतं, असं अजूनही काही घरांत मुलींना ऐकवलं जातं. लोणचं टिकतं ते आम्लामुळे आणि मीठ त्याची जल-सक्रियता खाली ओढतं म्हणून. ०.९१ च्या खाली बहुतेक जिवाणू वाढत नाहीत, ०.८ च्या खाली बहुतेक बुरश्याही थांबतात. ते बिघडतं ओल्या चमच्याने, कारण चमच्याचं पाणी पडतं तिथे आकडा वर जातो. चमचा ओला आहे का हे बघा, मुलीच्या तारखा बघू नका. आणि 'गुळाच्या म्हणून शुगर-फ्री' असं लिहून कुकीज विकणाऱ्यांनाही एक सांगते, गुळात बहुतांश साखरच असते.

पहिल्या खेपेला काजूच्या कुकीज पेकनच्या आधी मऊ पडल्या होत्या. ते का, तेही यात बसतं. पेकनमध्ये सुमारे ७२ टक्के तेल, काजूत ४४. काजूत त्याऐवजी स्टार्च बराच, आणि स्टार्च पाणी पितो, म्हणजे काजू सारणात आपलं पाणी घेऊनच येतात. म्हणून दुसऱ्या खेपेला काजू मंद आचेवर चांगले खरपूस भाजून घेतले.

तरी एक अडचण उरलीच. सारण ०.६५ पर्यंत उतरवलं तरी कुकीचा कुरकुरीतपणा ०.४-०.५ लाच जायला लागतो. दिवाळीच्या करंजीत आपण ओल्या नारळाऐवजी सुकं खोबरं घेऊन हा प्रश्नच टाळतो, पण इथे चिकट सारण हवंच होतं. मग आइस्क्रीमचा कोन आठवला. त्याच्या आतून चॉकलेटचा पातळ थर असतो, कारण स्निग्ध पदार्थातून पाणी फार हळू सरकतं. तूप आमच्या हवेत अर्धं पातळच, पण चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे २८ अंशांत घट्ट राहतं. भाजून थंड झालेल्या कुकीच्या खळग्यात भाचीने ब्रशने वितळलेलं पांढरं चॉकलेट फिरवलं, ते सुकल्यावर वरून काकवीचं सारण भरलं. डब्यात झाकणभर मीठ ठेवलं.

पाचव्या दिवशी डबा उघडला. मीठ कोरडं होतं, हलवलं की सुटं सुटं सरकत होतं. भाचीने कुकी कानाजवळ धरून मोडली. कडेला कट्‌ आवाज आला, खळग्याच्या अगदी तळाशी मात्र किंचित नरम. तिथे ब्रश नीट पोचला नसावा.