ताण-प्रतिक्षिप्त क्रिया आणि स्नायूंकडून येणाऱ्या संवेदी संकेतांचे मापन

स्नायू अचानक ताणला गेला की तोच स्नायू क्षणार्धात आपोआप आकुंचन पावतो. याला ताण-प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. रोवणीच्या दिवसांत डोक्यावर पऱ्ह्यांचे (धानाच्या रोपांचे) ओझे घेऊन बाई धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालते. चिखलात टाच खचते, घोटा वाकतो, पोटरी ताणली जाते, आणि पाय घसरल्याचे तिला कळायच्या आत पोटरी आवळलेली असते. ताणाची खबर पायातून मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जाते आणि आकुंचनाचा हुकूम तिथूनच परत येतो. टाचेमागच्या शिरेवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेवर) हातोडीने ठोकले, तर या सगळ्या फेरीला सुमारे ३० ते ३५ मिलिसेकंद लागतात. गुडघा मज्जारज्जूला जवळ, म्हणून तिथे २० च्या आसपास. या नोंदीचा विषय फेरीतला जाणारा अर्धा भाग, म्हणजे स्नायूकडून निघणारी खबर, हा आहे. परतीचे आकुंचन डोळ्यांना दिसते. खबर मात्र दिसत नाही, आणि मापनाची सारी अडचण तिथेच आहे.

ही खबर देणारे अवयव म्हणजे स्नायुतर्कू. तर्कू म्हणजे चाती. सेवाग्रामच्या परिसरात ज्यांनी टकळीवर सूत कातलेले पाहिले आहे त्यांना आकार वेगळा सांगायला नको: मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. लांबी काही मिलिमीटर. आतल्या बारीक तंतूंना मज्जातंतूचे टोक वेटोळे घालून बसलेले असते. स्नायू लांबला की वेटोळी ताणली जातात आणि विद्युत स्पंदने निघतात. ताण जितका वेगाने येतो तितकी ती दाट होतात. तर्कूच्या दोन्ही टोकांना स्वतःच्या वेगळ्या प्रेरक तारा असतात. त्यांना गॅमा तंतू म्हणतात. तर्कू किती हळवा राहावा हे त्या ठरवतात.

गुडघ्याचा झटका, म्हणजे गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडणे, वैद्यकात १८७५ साली आला, एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांच्या स्वतंत्र लेखांतून. लिडेल आणि शेरिंग्टन यांनी १९२४मध्ये त्याच्या मुळाशी स्नायूचा ताण असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखवले. माणसात मात्र दीर्घकाळ आडमार्गानेच मापन होत होते. स्नायूवर इलेक्ट्रोड लावून आकुंचनाचा आलेख काढायचा, किंवा हॉफमन यांच्या पद्धतीने (१९१०) गुडघ्यामागच्या नसेला (मज्जातंतूंच्या जुडग्याला) हलका विजेचा धक्का देऊन पोटरीचा प्रतिसाद नोंदवायचा. ही दुसरी पद्धत आजही फार वापरली जाते. पण धक्का थेट नसेला बसतो, तर्कू वाटेत येतच नाही. म्हणून तिच्यावरून तर्कूच्या हळवेपणाबद्दल निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

खबर थेट ऐकण्याची सोय १९६०च्या दशकात स्वीडनमधील उप्साला येथे झाली. हागबार्थ आणि वालबो यांनी जागत्या माणसाच्या नसेत टंगस्टनची सुई घालून स्पंदने टिपली, आणि सुरुवातीचे प्रयोग स्वतःच्याच नसांवर केले. सुईची जाडी सुमारे ०.२ मिलिमीटर, टोक काही सहस्रांश मिलिमीटर. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडे खाली, हाडाच्या गाठीजवळून एक नस जाते. कुष्ठरोग तपासणाऱ्या कार्यकर्त्यांना ती बोटाने ओळखता येते, कारण ती जाड झाली आहे का हे ते त्याच जागी चाचपतात. बहुतेक प्रयोगांत सुई याच नसेत जाते. पाऊल एका पाटीला बांधलेले असते आणि मोटर ती पाटी हलवते. संकेत हजारो पट मोठा करून ध्वनिवर्धकावर सोडतात. सुई तंतूजवळ आली की टिकटिक ऐकू येते. पाऊल खाली दाबले, नडगीचा स्नायू ताणला, की टिकटिक दाट होते. स्नायूला बारीक धक्का देऊन आकुंचित केले आणि ती थांबली, तर तंतू तर्कूचा. उलट वाढली, तर तो शिरेतल्या ताणमापक अवयवाचा. सुई केसभर सरकली तरी तंतू हातचा जातो. त्यामुळे धुऱ्यावरून चालत्या माणसाची अशी नोंद घेणे जवळजवळ अशक्य, आणि चालण्याबद्दल बरेचसे अनुमानानेच ठरवावे लागते.

या पद्धतीचे सर्वांत मोलाचे काम ताठरलेल्या स्नायूंबाबत झाले. मेंदूकडून मज्जारज्जूकडे येणाऱ्या वाटा निकामी झाल्या की हे प्रतिक्षिप्त झटके जोरात येतात आणि स्नायू ताठरतात. गॅमा तंतू अति काम करतात, तर्कू फार हळवे होतात आणि ओरडून खबर देतात, असे मानले जाई. हागबार्थ आणि सहकाऱ्यांनी १९७३मध्ये अशा रुग्णांच्या नसांत ऐकले, तेव्हा तसे आढळले नाही. नंतरच्या नोंदींतही फारसे वेगळे निघाले नाही. खबर नेहमीसारखीच होती. बिघाड होता तो मज्जारज्जू त्या खबरीला किती मोठे उत्तर देतो यात. सुईखेरीज हे कळण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नव्हता.

पूर्व विदर्भाला खबर आणि उत्तर यांतला हा भेद परका नाही. झाडीपट्टीत उभ्या धानाच्या बांधीत लाखोळी फेकून पेरतात आणि धान कापल्यावर तिचे पीक त्याच ओलीवर येते. तुटवड्याच्या काळात महिनोन्महिने मुख्यतः हीच डाळ पोटात गेली, तर तिच्यातल्या ओडॅप या विषाने काहींना कलायखंज हा पाय ताठरण्याचा रोग होतो. लाखोळीच्या विक्रीवर १९६१मध्ये बंदी आली ती याच कारणाने. या रोगात मेंदूकडून येणाऱ्या प्रेरक वाटा बिघडतात, स्पर्श आणि वेदना मात्र सहसा शाबूत राहतात. माणूस काठीच्या आधाराने, गुडघे एकमेकांवर घासत, चवड्यांवर चालतो. अशा रुग्णाला खाटेवर निजवून डॉक्टर त्याचे पाऊल झटक्याने वर दाबतात आणि तसेच धरून ठेवतात. पाऊल हातातच आपोआप खालीवर नाचू लागते, सेकंदाला पाच ते सात वेळा. पोटरी ताणली जाते, तर्कू खबर देतो, मज्जारज्जू जास्तीचे उत्तर देतो, पाऊल खाली जाते, पोटरी सैल पडते, हाताच्या दाबाने पाऊल वर येते, पोटरी पुन्हा ताणली जाते. हात काढला की नाच थांबतो.