एक टक्का काढणं आणि एक टक्क्याने उतरवणं

पाडेल्याने नारळ पाडून अंगणात ढीग घातला. एकूण 200. त्यातले 99 टक्के जून, म्हणजे 198. उरलेली दोन आडसरं, म्हणजे कोवळे नारळ. आता या ढिगावर दोन प्रश्न. पहिला: ढिगातले एक टक्का नारळ उचला. दुसरा: फक्त जून नारळ उचलत राहा, जोवर त्यांचं प्रमाण 99 टक्क्यांवरून 98 टक्क्यांवर येत नाही. प्रत्येक वेळी किती नारळ उचलावे लागतील?

पहिल्याचं उत्तर दोन, त्यात डोकं खाजवण्यासारखं काही नाही. दुसऱ्यालाही बहुतेक जण ‘दोनच की’ म्हणून मोकळे होतात. खरं उत्तर 100 आहे. निम्मा ढीग उचलावा लागतो.

पटत नसेल तर करून बघा. दोन जून नारळ उचलले की उरतात 196 जून आणि 2 आडसरं, एकूण 198. जून नारळांचं प्रमाण 98.99 टक्के, म्हणजे जवळपास जिथल्या तिथेच. 50 उचलले तर 150 पैकी 148, प्रमाण 98.67. 90 उचलले तरी 110 पैकी 108, प्रमाण 98.18. शंभरावा नारळ उचलल्यावर कुठे 100 पैकी 98 राहतात. उचललेला प्रत्येक नारळ जून नारळांच्या संख्येतून जातो तसा एकूण संख्येतूनही जातो. अंश आणि छेद दोन्ही एकदमच घटत असल्यामुळे अपूर्णांक सावकाश खाली येतो.

अशा गणितात जे हलतंय त्याच्या मागे लागू नये, जे हलत नाही ते घट्ट धरावं. इथे आडसरं हलत नाहीत. ती दोन होती, दोनच राहणार. आधी ती एक टक्का होती, शेवटी दोन टक्के व्हायला हवीत. दोन नारळ म्हणजे दोन टक्के, तर शंभर टक्के म्हणजे 100 नारळ. 200 मधून 100 उरले, म्हणजे 100 गेले. समीकरणाची गरजच पडत नाही. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारी मुलंसुद्धा इथे ‘क्ष’ मांडून अर्धं पान भरतात, ते बघून हात शिवशिवतात.

मात्र ‘काढले’ऐवजी प्रश्नात ‘बदलले’ असेल तर सगळं फिरतं. दोन जून नारळ देऊन दोन आडसरं घेतली तर एकूण 200च राहतात, जून 196, आणि प्रमाण बरोबर 98 टक्के. एकूण संख्या हलली नाही की आपला पहिला अंदाज खरा ठरतो. म्हणून प्रश्न वाचताना आकड्यांच्या आधी क्रियापदाखाली रेघ मारावी.

हाच गोंधळ निवडणुकीच्या बातम्यांत वेगळ्या वेशात भेटतो. गोवा विधानसभेच्या जागा 40, तेव्हा एक जागा म्हणजे अडीच टक्के. 2017 मध्ये भाजपला 13 जागा होत्या, 2022 मध्ये 20. सभागृहातला वाटा साडेबत्तीस टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर गेला. वाढ किती? वाट्यांची नुसती वजाबाकी केली तर साडेसतरा टक्केबिंदू. पण 13 वर 7 वाढले असं धरलं तर सुमारे 54 टक्के. काँग्रेस 17 वरून 11 वर आली: 15 टक्केबिंदूंची घट, आणि स्वतःच्या आधीच्या जागांच्या मानाने सुमारे 35 टक्के. यातला एकही आकडा खोटा नाही. कुठला छापायचा, ते छापणाऱ्याच्या मनावर.

आता चवथीचं एक गणित. माटोळीला, म्हणजे गणेशचतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीला, 50 वस्तू बांधल्यात. त्यातल्या 40 टक्के रानातल्या, कांगलां, घागऱ्यो वगैरे, म्हणजे 20. उरलेल्या 30 बाजारातल्या. रानातल्या वस्तूंचं प्रमाण 25 टक्क्यांवर आणायचं आहे. ‘रानातल्या 15 टक्के काढा’ म्हटलं असतं तर तीन काढून काम झालं असतं. पण इथे 25 टक्क्यांवर यायचंय. बाजारातल्या 30 हलत नाहीत आणि शेवटी त्या 75 टक्के हव्यात, तेव्हा एकूण 40 उरायला हव्यात. म्हणजे रानातल्या 10 काढायच्या.

काढायच्या नसतील आणि फक्त अदलाबदल करायची असेल, तर साडेसात वस्तू बदलाव्या लागतील. तोरिंगाचं अर्धं फळ बांधता येत नाही, म्हणून हा मार्ग बंद. (प्रश्न काढणाऱ्याने एवढं तरी तपासावं.)

तिसरा मार्ग बाजारातून आणखी वस्तू आणायचा. आता न हलणाऱ्या रानातल्या 20, त्या 25 टक्के व्हायच्या तर एकूण 80 हव्यात. म्हणजे 30 नव्या वस्तू. माटोळीच्या चौकटीला तेवढं वजन पेलेल का, ते सुताराला विचारा.