नवा फोन ‘चालू करून देण्या’मागची तीस वर्षं

नवा स्मार्टफोन घ्यायचा म्हटलं की आपल्याकडे दोन वेगळे हिशेब होतात. हँडसेट कुठला, हे ऑनलाइन सेलमध्ये किंवा गल्लीतल्या मोबाइल शॉपीच्या काउंटरवर ठरतं. त्यात जिओ चालवायचं, एअरटेल की व्होडाफोन-आयडिया, हा प्रश्न निराळा, आणि बहुतेकांसाठी तो कधीच निकालात निघालेला असतो. अमेरिकेत बराच काळ याच्या उलट रीत होती. २००७ साली आयफोन आला तेव्हा तो तिथे फक्त एटी अँड टीच्या दोन वर्षांच्या करारावर मिळायचा. आधी कंपनी, मग तिच्या दुकानातला फोन. आपल्याकडे तसं रुजलं नाही. इथे फोन निवडणं ग्राहकाच्या हाती राहिलं आणि तो चालू होण्याची वाट मात्र दर काही वर्षांनी लांबत गेली. त्या लांबणीत कंपन्यांचा हात कमी आणि सरकारी नियमांचा जास्त.

सुरुवात ३१ जुलै १९९५ ची. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन लावला. नेटवर्क मोदी टेलस्ट्राचं होतं. त्याच वर्षी मुंबईत बीपीएल मोबाइल आणि मॅक्सटच सुरू झाले. हे सगळे परवाने जीएसएम तंत्राचे होते, आणि पुढचं बरंच काही त्या एका निर्णयातून निघालं. जीएसएममध्ये ग्राहकाची ओळख फोनमध्ये नसते, सिमकार्डात असते. म्युनिकच्या गिझेके अँड डेव्हरिएंट कंपनीने १९९१ मध्ये फिनलंडच्या रेडिओलिन्यासाठी पहिली सिमकार्डं बनवली, तेव्हापासून ही सोय आहे. कार्ड काढा, दुसऱ्या हँडसेटमध्ये घाला, नंबर तोच.

मुंबईकरांनी या सोयीचा अर्थ लगेच ओळखला. सिम कंपनीकडून घ्यायचं आणि हँडसेट हीरा पन्ना, मनीष मार्केट किंवा मुसाफिरखाना अशा बाजारांतून, बिल न मागता. आयातशुल्क चुकवून आलेला माल स्वस्त पडायचा. कंपन्यांनी हँडसेटवर सूट देऊन ग्राहक बांधून का घेतले नाहीत? एक तर परवाना शुल्काने त्या स्वतःच घाईला आल्या होत्या. ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा, ही सवलत त्यांना १९९९ च्या दूरसंचार धोरणाने दिली. दुसरं आणि मोठं कारण प्रीपेड. सुरुवातीला कॉलला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडत आणि येणाऱ्या कॉलचेही पैसे कापले जात. अशा काळात ग्राहकाला खर्चाचा लगाम स्वतःच्या हातात हवा होता. प्रीपेडमध्ये करार नसतो, आणि करार नसेल तर सूट वसूल कशी करणार? येणारे कॉल २००३ मध्ये फुकट झाले तोवर प्रीपेडची सवय पक्की झाली होती.

तरीही फोन आणि कनेक्शन एका दोरीला बांधण्याचे प्रयत्न झाले. सगळ्यात गाजला तो रिलायन्सचा. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉम सीडीएमए तंत्र घेऊन उतरली आणि २००३ च्या पावसाळ्यात ‘मान्सून हंगामा’ आला : ५०१ रुपये भरा, फोन घेऊन जा, बाकीचे पैसे महिन्याच्या बिलातून. रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत हातात मोबाइल दिसू लागला तो त्या वर्षापासून. पण या फोनमध्ये सिम नव्हतं. नंबर हँडसेटमध्येच घातलेला असायचा, म्हणजे फोन बदलायचा तर कंपनीच्याच दारात जायचं. पुढे बिलं थकवणारेही पुष्कळ निघाले. त्याच सुमारास नोकियाचा टॉर्चवाला ११०० बाजारात आला. कुठलंही जीएसएम सिम त्यात चालायचं, आणि ज्याला पर्याय होता तो तिकडे वळला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत देशातली सीडीएमए मोबाइल सेवाच गुंडाळली गेली.

दुसरा प्रयत्न आयफोनचा. २२ ऑगस्ट २००८ ला आयफोन ३जी एअरटेल आणि व्होडाफोनकडे विक्रीला आला. अमेरिकेत करारावर १९९ डॉलरला मिळणारा तो ८ जीबीचा फोन इथे ३१,००० रुपयांना होता. वर तो घेतलेल्या कंपनीच्याच सिमवर चालणार! सूट नाही आणि मोकळीकही नाही, असा हा सौदा कुणाला पटावा? २०१२ च्या आयफोन ५ पासून ॲपलने वितरकांची आणि साध्या दुकानांची वाट धरली. तिसरा प्रयत्न २०१७ चा जिओफोन : १,५०० रुपये अनामत, त्यात फक्त जिओचं सिम. तो बऱ्यापैकी खपला, पण ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्यांच्यात. स्मार्टफोन घेणाऱ्याने हे बंधन मानलं नाही.

हँडसेट असा मोकळा राहिला, पण सिमची गोष्ट वेगळी झाली. २००० नंतरच्या दशकात सिम पानाच्या टपरीवरही मिळायचं. फोटो आणि रेशनकार्डाची झेरॉक्स दिली की झालं, आणि कित्येकदा आधीच चालू केलेलं कार्ड हातात पडायचं. कागद दुकानदार मागाहून कुणाचे तरी लावायचा. २६/११ च्या हल्ल्यातल्या दहशतवाद्यांनी वापरलेली काही सिमकार्डं भारतातच घेतलेली होती, हे तपासात पुढे आलं आणि या ढिलाईकडे पाहण्याची नजर बदलली. ग्राहक पडताळणीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये दूरसंचार विभागाने नवे नियम काढले : विक्रेत्याने ग्राहकाला समक्ष पाहायचं, मूळ कागद ताडायचे, आणि पडताळणी होईस्तोवर सिम चालू करायचं नाही. सिम घालायचं, नेटवर्कची दांडी कधी उगवते याची वाट बघायची, मग ५९०५९ ला फोन करून नाव-पत्ता सांगायचा, ही ‘टेलिव्हेरिफिकेशन’ची वारी पुष्कळांना आठवत असेल.

मधल्या काळात हँडसेटकडेही सरकारचं लक्ष गेलं. चिनी बनावटीचे, डबल सिमचे, कर्कश स्पीकरचे स्वस्त फोन तेव्हा धो धो खपत होते, आणि त्यातल्या अनेकांना आयएमईआय हा हँडसेटची ओळख सांगणारा पंधरा आकडी क्रमांकच नव्हता किंवा नुसती शून्यं होती. १ डिसेंबर २००९ पासून असे फोन नेटवर्कवरून तोडले गेले. त्याच्या आधी काही आठवडे मोबाइल दुकानांत पैसे घेऊन खरा क्रमांक घालून देण्याची अधिकृत सोयही होती. चोरीचा फोन देशभर बंद करणारी सीईआयआर यंत्रणा सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ पोर्टलवर सगळ्या देशासाठी खुली झाली. जुना फोन विकत घेणाऱ्याने *#०६# दाबून आयएमईआय बघावा आणि ‘केवायएम’ हे इंग्रजी अक्षरांत लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ ला एसएमएस करावा. नव्या फोनच्या बाबतीत हे कोणी करत नाही. जुन्याच्या बाबतीत न करणं मला वेडेपणा वाटतो.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि चित्र एकदम पालटलं. अंगठा टेकवला की आधारवरून ओळख पटायची आणि काही मिनिटांत सिम चालू. फुकट डेटाची जाहिरात जितकी झाली तितकी या अंगठ्याची झाली नाही, पण त्याच्याशिवाय इतके ग्राहक इतक्या लवकर जोडले गेले नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालाने खासगी कंपन्यांच्या या वापराला चाप लावला. मग आली ‘डिजिटल केवायसी’, म्हणजे ग्राहकाच्या ओळखीची ॲपवरून पडताळणी : दुकानदार ॲपमध्ये कागदाचा फोटो काढतो, तुमचाही काढतो, डोळे मिचकवायला सांगतो, आणि वर घरच्या कुणाच्या तरी नंबरवर ओटीपी मागतो. नवा नंबर घ्यायला आधी एक जुना नंबर लागतो, हा त्यातला विनोद. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर, सप्टेंबर २०२१ च्या सुधारणांत आधारची ई-केवायसी एक रुपया शुल्कात परत आली आणि १ जानेवारी २०२४ पासून कागदी अर्ज बंद झाले. एका नावावर नऊपेक्षा जास्त सिमकार्डं ठेवता येत नाहीत. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत सहा.

जिओने फोन निवडण्याचा निकषही बदलला. तिचं नेटवर्क फक्त ४जीचं, त्यामुळे फोन ४जी असून त्यात व्होएलटीई, म्हणजे ४जीवरूनच कॉल लावण्याची सोय, नसेल तर कॉल लागायचा नाही. त्यासाठी वेगळं ॲप टाकावं लागे. ‘बँड’, म्हणजे फोन ज्या रेडिओ लहरींवर चालतो तो पट्टा, हा शब्द गिऱ्हाइकांच्या तोंडी आला तो तेव्हा. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी आलं आणि तोच घोळ नव्याने झाला. जिओने स्वतंत्र ५जी उभं केलं, एअरटेलने आधी ४जीच्या आधाराने चालणारं. ५जी लिहिलेले कित्येक फोन कंपनीचं अपडेट येईपर्यंत ४जीवरच राहिले. आयफोनवाल्यांना डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं. खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा आत बारीक छापलेली बँडची यादी आजही जास्त कामाची.

कंपनी बदलण्याची वाट २०११ मध्ये मोकळी झाली. २० जानेवारीपासून देशभर नंबर तोच ठेवून पोर्ट करता येऊ लागलं, पण आपापल्या सर्कलपुरतं, म्हणजे परवान्याच्या विभागापुरतं. मुंबई एक सर्कल आणि पुण्यासह उरलेला महाराष्ट्र व गोवा दुसरं. त्यामुळे मुंबईचा नंबर घेऊन पुण्यात नोकरीला आलेल्याला तो पुण्याचा करता येईना. ही भिंत जुलै २०१५ मध्ये पडली.

आता नवा फोन घेतल्यावर खरा खोळंबा होतो तो बँकेपाशी. यूपीआय ॲप त्या फोनमधल्या सिमवरून एसएमएस पाठवून फोन आणि नंबर यांची गाठ मारतं, म्हणून फोन बदलला की ते सगळं पुन्हा करावं लागतं. दुसऱ्याच्या नावाने डुप्लिकेट सिम काढून खाती साफ करणाऱ्यांना रोखायला आणखी दोन नियम आले : सिम बदलून घेतलं की चोवीस तास एसएमएस बंद, आणि जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. नुसतं जुनं कार्ड काढून नव्या फोनमध्ये घातलं तर हे दोन्ही नियम लागू होत नाहीत. जुन्या मोठ्या सिमला कटरने छाटून मायक्रो, मग नॅनो करून देणारे दुकानदार बहुधा म्हणूनच इतके लोकप्रिय होते : कंपनीकडे अर्ज नाही, थांबणं नाही.

ई-सिममध्ये, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या, काढता न येणाऱ्या सिममध्ये, ती पळवाट उरत नाही. भारतात ते २०१८ मध्ये आलं, आधी घड्याळांत आणि मग आयफोनमध्ये. २०२५ च्या आयफोन एअरला तर सिमचा खणच नाही. कार्डावरून ई-सिमवर जाताना चोवीस तासांची एसएमएसबंदी गृहीत धरावी लागते. गॅसचं बुकिंग, रेल्वेचं तिकीट, बँकेचा हप्ता, जे ओटीपीवर अडेल ते आदल्या दिवशी उरकून घ्यावं आणि ई-सिमची विनंती शक्यतो शनिवारी संध्याकाळी पाठवावी.