झाडाला माळी दिसत नाही

थंडी ओसरली की बागकाम करणाऱ्यांचे हात शिवशिवायला लागतात. कोणी कात्रीला तेल देतं, कोणी कुंड्या उलट्या करून मुळं न्याहाळत बसतं, कोणी जपून ठेवलेल्या बियांच्या पुड्या वाटतं. आमच्या पाच-सहा जणांच्या कंपूचेही वसंतातले पहिले दोन-तीन रविवार असेच जातात. एकाची कात्री, दुसरीचं खत, तिसऱ्याची पाठ आणि चौथ्याचे सल्ले. सल्ल्यांचा कधीच तुटवडा पडत नाही.

अशाच एका रविवारी कंपूतल्या एकीच्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं, "ज्याचं डोकं उडवलं ते झाड आणखी जोरात कसं वाढतं?" आम्ही सगळ्यांनी मिळून जे उत्तर दिलं, ते काही फार बरं नव्हतं. घरी येऊन पुन्हा वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की घोळ आमच्या एका गृहीतकात आहे. छाटणी आपण करतो, म्हणून झाड आपल्याला उत्तर देतं असं आपण धरून चालतो. पण झाडाच्या लेखी माळी नावाचा प्राणीच नाही. फुलझाडं पृथ्वीवर किमान तेरा कोटी वर्षं आहेत, माणसाची शेती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची. आपली कात्री म्हणजे झाडाला चरणारं जनावर वाटते, आणि आपलं खुरपं म्हणजे कोणीतरी माती उकरतंय असं वाटते. वसंतातली आपली बहुतेक कामं ही अशी जुनी सोंगं आहेत. ती वठतात, कारण त्या प्रसंगाला काय करायचं हे झाडाला आधीपासून ठाऊक आहे.

आता त्या मुलाचा प्रश्न. फांदीवर प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. त्यातून नवी फांदी फुटू शकते, पण शेंडा शाबूत असेपर्यंत बहुतेक डोळे गप्प राहतात. शेंडा खुडला की दोन-चार दिवसांत खालचे डोळे फुगतात आणि फुटवे येतात. शेंड्यात काहीतरी खास असतं याचा पहिला सुगावा डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांना लागला. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत गवताच्या कोवळ्या कोंबांच्या टोकावर अपारदर्शक टोपी घातली, तर कोंब उजेडाकडे वळेनासे झाले. उजेड टोकाला कळत होता, वाकत मात्र होता खालचा भाग. म्हणजे वरून खाली काहीतरी निरोप जात होता. १९२६ साली फ्रिट्स वेंट या डच संशोधकाने ओटच्या कोंबांची टोकं कापून अगार या जेलीसारख्या पदार्थाच्या तुकड्यांवर ठेवली, आणि मग टोकाऐवजी नुसता तो तुकडा कोंबाच्या बुडख्यावर बसवला. कोंब वाढला! निरोप म्हणजे एक रसायन होतं. त्याला ऑक्सिन हे नाव मिळालं. पुढे १९३३ मध्ये थिमान आणि स्कूग यांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे खुडले आणि कापलेल्या जागी ऑक्सिन लावलं. शेंडा नसूनही डोळे फुटले नाहीत.

पाठ्यपुस्तकातली गोष्ट इथे संपते. शेंडा ऑक्सिन खाली पाठवतो, ते डोळ्यांना दाबून ठेवतं, शेंडा गेला की दाब गेला. आम्हीही त्या मुलाला हेच सांगितलं होतं. पण यात एक गोम आहे. ऑक्सिन खोडातून तासाला साधारण एक सेंटिमीटर एवढ्या गतीने सरकतं, गोगलगाय त्यापेक्षा कितीतरी चपळ. मग शेंडा खुडल्यावर बऱ्याच खालचा डोळा, ऑक्सिनची पातळी त्याच्यापाशी उतरायच्या आधीच, जागा कसा होतो? २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी मटाराच्या रोपांवर याचा छडा लावला. पहिली हाक साखर घालते. वाढता शेंडा हा मोठा खादाड असतो, पानांनी बनवलेल्या साखरेतला मोठा वाटा तोच ओढून घेतो. तो उडाला की ती साखर खाली वळते. साखरेचा प्रवाह तासाला अर्धा-एक मीटर सहज धावतो, त्यामुळे उपाशी बसलेल्या डोळ्यांपर्यंत ती ऑक्सिन ओसरण्याच्या कितीतरी आधी पोचते. ऑक्सिनचं काम खोटं ठरलं नाही, त्याचा क्रम नंतरचा ठरला. शिवाय २००८ साली स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं आणखी एक संप्रेरक या कारभारात सापडलं, तेही फांद्यांना आवर घालणारं.

ही सगळी यंत्रणा चरणाऱ्या तोंडांसाठी तयार झाली आहे. गाय-बकरी किंवा हरीण शेंडाच आधी खाणार, कारण तोच कोवळा. म्हणून राखीव डोळे. झुडूप भरगच्च हवं असेल तर जनावरासारखं वागायचं: शेंडे खुडायचे, आणि ज्या दिशेने फांदी हवी त्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर काप घ्यायचा. एक सोंग मात्र वसंतात अंगाशी येतं. जी झुडपं वसंताच्या सुरुवातीलाच फुलतात, त्यांच्या कळ्या मागच्या मोसमाच्या फांद्यांवर आधीच घडलेल्या असतात. त्यांची छाटणी आत्ता केली, तर कात्री यंदाची फुलंच खाते. ती फुलून गेल्यावर छाटावीत.

कापून हातात आलेल्या तुकड्याचीही एक गोष्ट आहे, आणि मला ती जास्त आवडते. त्या तुकड्याच्या कोवळ्या पानांतून ऑक्सिन खाली येतच राहतं, पण आता पुढे वाट नसते. ते कापलेल्या टोकाशी साचतं आणि तिथल्या पेशींना मुळं फुटतात. म्हणजे एकाच कापाच्या एका बाजूला ऑक्सिन कमी पडल्याने फांद्या येतात, आणि दुसऱ्या बाजूला जास्त झाल्याने मुळं. हेरमान फोख्टिंग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७८ साली विलोच्या काठ्या दमट जागी उलट्या टांगून पाहिल्या. तरी मुळं आली ती झाडावर असताना जे टोक खाली होतं त्याच टोकाला. खालचं-वरचं हे काठीच्या अंगातच लिहिलेलं असतं. नदीकाठी पुरात मोडलेली फांदी वाहत जाऊन गाळात रुतते आणि तिथे झाड होतं, त्याचीच ही तालीम. छाट कलम वाटताना त्याचं खालचं टोक तिरकं आणि वरचं सपाट कापायची जुनी सवय म्हणूनच सोन्यासारखी, घेणाऱ्याला उलटं लावण्याची भीती नाही.

वाटण्यावरून आठवलं. कलमांबरोबर रोगही वाटले जातात. तंबाखू-मोझेक विषाणू, ज्याच्यावरून १८९८ मध्ये मार्टिनस बायरिंक याने विषाणू ही कल्पनाच मांडली, तो टोमॅटो-मिरचीच्या रोपांत चक्क हातांवरून आणि कात्रीवरून जातो. विडी-सिगारेटच्या तंबाखूतही तो टिकून असू शकतो. एका रोपाकडून दुसऱ्याकडे जाताना साबणाने हात धुवावेत, आणि धूम्रपान करणाऱ्या मित्राला टोमॅटोऐवजी कंपोस्टच्या ढिगावर नेमावं.

मोठी फांदी कापली की जखमेला रंग किंवा डांबर फासण्याची पद्धत बरीच चालते. अमेरिकेच्या वनसेवेतल्या अ‍ॅलेक्स शिगो याने चेनसॉने हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि १९७० च्या दशकात दाखवून दिलं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड ती जागा आतून भिंती घालून वेगळी पाडतं, आणि नवं लाकूड तिच्या भोवतीने वाढवतं. बाहेरचा लेप कुजणं थांबवत नाही, उलट कधीकधी ओल धरून ठेवतो. महत्त्वाचं असतं ते कापाचं ठिकाण. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, भिंत बांधणारा माल तिथे असतो. काप त्या कड्याच्या लगेच बाहेर घ्यावा, कडं कापू नये आणि लांब खुंटही ठेवू नये. द्राक्षवेल उशिरा छाटली तर वसंतात कापातून पाणी ठिबकतं, त्यालाही घाबरू नये. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने असं गळणारं खोड थांबवायला त्यावर जनावराच्या मूत्राशयाचा तुकडा बांधला, तर तो आतल्या दाबाने टम्म फुगला. मग त्याने काचेच्या नळ्या लावून मुळांचा तो दाब मोजला आणि १७२७ साली छापला.

आता खुरपं. वाफा खणून, भुसभुशीत करून मोकळा ठेवा, आठवड्यात तण हजर. ते वाऱ्याने आलं असं आपण म्हणतो, पण बरंचसं तिथेच होतं, वाट पाहत. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथे १९५२ साली बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर एकामागून एक वेगवेगळ्या प्रकाशाचे झोत टाकले. लाल प्रकाशाने बी रुजायला सज्ज होतं, आणि त्यानंतर लालच्या पलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा अतिलाल प्रकाश टाकला तर ते पुन्हा झोपतं. कितीही वेळा उलटसुलट करा, शेवटचा झोत कोणता यावर निकाल. बियांतल्या या दिव्याच्या बटणाला फायटोक्रोम म्हणतात. हिरवी पानं लाल प्रकाश गिळतात आणि अतिलाल सोडून देतात, त्यामुळे बारीकशा बीला यातून कळतं, की डोक्यावर दुसऱ्या झाडाची सावली आहे की उघडं आकाश. जंगलात मोठं झाड उन्मळून पडलं, माती उलटली, ऊन आलं, की उठायची वेळ झाली. खुरप्याने आपण रोज एकेक जंगल पाडत असतो.

ही वाट किती लांबू शकते याचा सगळ्यात चिकाटीचा प्रयोग १८७९ मध्ये विल्यम बील याने मिशिगनमध्ये सुरू केला. तणांच्या बिया वाळूत मिसळून त्याने वीस बाटल्या जमिनीत पुरल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यातली सोळावी बाटली वर काढली, तीही पहाटेच्या अंधारात, बियांवर चुकूनही ऊन पडू नये म्हणून. १४२ वर्षांनंतर त्यातल्या व्हर्बॅस्कम नावाच्या तणाच्या बिया रुजल्या. पुढची बाटली २०४० मध्ये निघेल आणि शेवटची २१०० मध्ये. रात्री नांगरलं तर तण कमी येतं का, हेही संशोधकांनी शेतांवर तपासलं आहे. कधी फरक पडला, कधी नाही. आपल्यासाठी सोपा उपाय म्हणजे उगाच खोल खणू नये आणि उघड्या मातीवर पालापाचोळ्याचा थर द्यावा. लेट्यूससारखं बारीक बी मात्र मातीत पुरू नये, वरच भुरभुरावं.

पेरणीच्या घाईबद्दल फक्त दोन आकडे देतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जुन्या मोजमापांत टोमॅटोचं बी १० अंश सेल्सिअसच्या मातीत रुजायला ४३ दिवस लागले, २५ अंशांवर ६ दिवस. दुपारची हवा अंगाला उबदार लागली तरी ओली माती तापायला वेळ घेते, कारण पाण्याला उष्णता भरपूर लागते. मातीत पाच सेंटिमीटर थर्मामीटर खुपसून सकाळी बघावं. पंचांगापेक्षा खात्रीचं.

घरात वाढवलेली रोपं उंच, किडकिडीत होतात आणि बाहेर नेली की मान टाकतात, ही दरवर्षीची तक्रार. उजेड कमी हे एक कारण, वारा नाही हे दुसरं. १९९० साली जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस एका छोट्या रोपट्यावर संप्रेरकं फवारून कोणती जनुकं जागी होतात ते पाहत होते. तुलनेसाठी नुसतं पाणी फवारलेली रोपंही तेवढीच जागी झाली. औषधाचा काही संबंध नव्हता, रोपाला थेंबांचा स्पर्श कळला होता, आणि अर्ध्या तासाच्या आत काही जनुकांचं काम शंभरपटीपर्यंत वाढलं होतं. स्पर्शाने रोप बुटकं आणि खोड जाड होतं. म्हणून मी दिवसातून दोनदा ट्रेवरून तळहात हलकेच फिरवतो, दहा-पंधरा वेळा. बघणाऱ्याला मी रोपांना आंजारतोय-गोंजारतोय असं वाटतं, रोपांना वाटतं वारा सुटलाय. बाहेर नेतानाही एकदम भर उन्हात नको. पहिल्या दिवशी तास-दोन तास सावलीत, मग वाढवत आठ-दहा दिवस, म्हणजे पानांवरचा मेणाचा थर जाड व्हायला सवड मिळते.

एका वस्तूचं सोंग मात्र आपल्याला कधीच वठलेलं नाही, आणि ती म्हणजे कुंडी. जमिनीत पाणी खाली ओढलं जातं, कारण खाली आणखी माती असते. कुंडीत तळाशी माती संपते, आणि तिथे केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात त्या ओढीने, पाणी अडकून राहतं. निचरा व्हावा म्हणून तळाला खडे घालायचा सल्ला आमच्या कंपूत पिढीजात आहे. पण बारीक मातीतलं पाणी वरचा थर पूर्ण भिजल्याशिवाय खड्यांच्या मोठ्या फटींत उतरत नाही. म्हणजे तो चिखलाचा पट्टा जातो कुठेच नाही, फक्त खड्यांच्या जाडीएवढा वर, मुळांच्या जवळ सरकतो.

हे कोणालाच पटेना, तेव्हा मी भांडी घासायचा स्पंज आणला. तो चिंब भिजवून आडवा धरला आणि ठिबकायचा थांबू दिला. मग उभा केला. पुन्हा पाण्याची धार लागली. स्पंज तोच आणि फटीही त्याच, फक्त उंची वाढली. अडकलेल्या पट्ट्याची जाडी कुंडीतल्या मातीच्या मिश्रणावर ठरते, त्यामुळे उथळ कुंडी जास्त वेळ ओली राहते आणि खोल कुंडीत मुळांना कोरडी जागा जास्त मिळते. छोट्या रोपाला एकदम मोठी कुंडी देण्यातली चूकही याच जातीची: पाणी पिणारी मुळं थोडी, आणि भिजलेली माती खूप.

सल्लेवाल्या चौथ्याने स्पंज स्वतःच्या हाताने तीनदा उभा-आडवा करून पाहिला. मग काही न बोलता त्याने आपल्या रिकाम्या कुंड्यांच्या तळातले खडे काढून बादलीत भरले. ते आम्ही वाफ्यांमधल्या चिखलाच्या वाटेवर पसरले.