आठ तास झोपूनही अंग जड का?

गजर वाजतो. हात चाचपडत मोबाइलपर्यंत पोचतो, पडद्यावरचे आकडे दिसतात, पण किती वाजलेत हे डोक्यात शिरायला दोन-तीन सेकंद लागतात. रात्री अकराला पाठ टेकली होती, आता सात वाजलेत. हिशेब चोख आठ तासांचा. तरीही पापण्या चिकटलेल्या, अंग शिशासारखं जड, आणि मनात एकच प्रश्न: एवढं झोपून पुन्हा झोप येतेच कशी?

गादी बदलण्याआधी किंवा जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणण्याआधी स्वतःला एक साधी गोष्ट विचारावी. ही मरगळ उतरते कधी? तोंड धुऊन, इकडेतिकडे करून अर्ध्या-पाऊण तासात ती गेली, तर तो एक प्रकार. दुपार झाली तरी ती मानगुटीवर बसलेलीच असेल, तर प्रकार वेगळा. दोन्हींना आपण थकवाच म्हणतो आणि उपाय मात्र भलत्याचा करत बसतो.

पहिल्या प्रकाराला शास्त्रज्ञ ‘स्लीप इनर्शिया’ म्हणतात, म्हणजे झोपेचं जडत्व. मेंदू दिव्यासारखा एका बटणावर लागत नाही. जाग आली की मेंदूचं खोड आणि त्याच्या वरचा, मेंदूच्या आत खोलवर असलेला थॅलॅमस हा भाग यांचा रक्तपुरवठा काही मिनिटांतच वाढतो. कपाळामागचा भाग, जो विचार करतो, निर्णय घेतो, तो मागे रेंगाळतो; त्याला पाव तास किंवा त्याहूनही जास्त लागतो. त्यामुळे उठल्या उठल्या माणूस धडपणे चालतो, दार उघडतो, पण कुणी साधी बेरीज विचारली तर अडखळतो. हे सगळ्यांचंच होतं आणि त्यात आजार काही नाही.

फरक पडतो तो गजराने आपल्याला झोपेच्या कोणत्या थरातून ओढून काढलं यावर. शिकागो विद्यापीठात युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये डोळ्यांची जलद हालचाल होणारी, म्हणजेच ‘रेम’ झोप जगासमोर मांडली. तेव्हापासून झोप हा सलग अंधार नाही हे स्पष्ट होत गेलं. साधारण ९० मिनिटांचं एक चक्र, अशी रात्रीत चार-पाच चक्रं. गाढ झोप बहुतेक पहिल्या अर्ध्या रात्रीत आटोपते, पहाटेकडे हलकी आणि स्वप्नांची झोप वाढते. म्हणजे नेहमीच्या वेळी उठणाऱ्याला जाग तशी सोपी जायला हवी. पण मागच्या काही रात्री जागरणात गेल्या असतील, तर मेंदू ती थकबाकी गाढ झोप वाढवून वसूल करतो. अशा गाढ झोपेतून उठवलेला माणूस सर्वांत जास्त भंजाळलेला असतो. दुपारी वीस मिनिटांची डुलकी काढून माणूस ताजा होतो आणि तासभर झोपला तर उठल्यावर सकाळ की संध्याकाळ हेच कळत नाही, त्यामागेही हेच कारण.

दुसरी भानगड शरीराच्या घड्याळाची. शरीराचं तापमान रोजच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास सर्वांत खाली असतं आणि त्या सुमारास उठणं महाकठीण. सुट्टीच्या दोन दिवसांत दोनला झोपून दहाला उठलात, की ते घड्याळ मागे सरकतं. मग कामाच्या दिवशी सहाचा गजर शरीराच्या मध्यरात्रीच वाजतो. जर्मन संशोधक टिल रोनेबर्ग यांच्या गटाने २००६ मध्ये याला ‘सोशल जेटलॅग’ असं समर्पक नाव दिलं. विमानात न बसता विमानप्रवासाचा शीण! यावर तास वाढवण्यापेक्षा उठण्याची वेळ रोज एकच ठेवणं आणि उठल्यावर लवकर बाहेरच्या उजेडात जाणं जास्त कामी येतं. ढगाळ सकाळचा उजेडही घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. स्नूझच्या बटणाची मात्र उगाच फार बदनामी झाली आहे असं मला वाटतं. त्याने मेंदूचं वाटोळं होत नाही. एवढंच, की तीच तीस मिनिटं सलग झोपता आली असती.

आता त्या चोख आठ तासांकडे वळू. अकरा ते सात हा अंथरुणातला वेळ झाला. झोप लागायला लागणारा वेळ आणि अधूनमधून येणारी जाग त्यातून वजा करायची. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्के झोप झाली तरी ती चांगली झोप मानतात, आणि आठ तासांचे ८५ टक्के म्हणजे सहा तास अठ्ठेचाळीस मिनिटं. ज्याला खरोखर आठ तास लागतात, तो रोज तासाभराने कमी पडतो. वर संध्याकाळची कॉफी. दिवसभर जागं राहिल्याने मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचतं आणि झोपेची ओढ लावतं. कॅफीन त्याच्याच जागा अडवून बसतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तर झोप तासाहून अधिक घटली. दारूचं गणित आणखी फसवं: झोप लवकर लागते, पण उत्तररात्र पार विस्कटते.

एवढं सगळं जागच्या जागी असूनही थकवा दिवसभर उतरत नसेल, तर पुढचा प्रश्न: पेंग येते की गळून जायला होतं? लोह किंवा बी-१२ कमी असलेला, थायरॉइड मंदावलेला, नैराश्यात असलेला माणूस अनेकदा गळून गेलेला असतो. आडवा होतो, पण झोप लागतेच असं नाही. याचा शोध रक्ततपासणीपासून किंवा मनाच्या डॉक्टरांकडून सुरू होतो. काही सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांची गुंगीही सकाळपर्यंत रेंगाळते. याउलट बैठकीत, सिनेमा बघताना, सिग्नलला थांबलेल्या गाडीत ज्याची मान कलते, त्याला पेंग येते. मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये हे मोजायला आठ प्रसंगांची ‘एपवर्थ’ प्रश्नावली तयार केली. प्रत्येक प्रसंगाला शून्य ते तीन गुण, एकूण २४. दहाच्या वर गेलात तर डॉक्टर कान टवकारतात.

कारण मग संशय जातो स्लीप अ‍ॅप्नियावर, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजारावर. जिभेच्या मागे घशाचा जो भाग आहे त्याला हाडाचा आधार नाही. तो उघडा राहतो तो स्नायूंच्या जोरावर. झोपेत स्नायू सैल पडतात, वाट अरुंद होते आणि हवेने तिथला मऊ पडदा फडफडायला लागतो. हे झालं घोरणं. काहींच्या बाबतीत ती वाट पुरती मिटते. छाती वर-खाली होत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो. शेवटी मेंदू काही सेकंदांपुरता जागा होतो, स्नायू ताठरतात, एक मोठा आचका देऊन श्वास सुटतो आणि माणूस परत झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही, कारण आठवण राहण्याइतकी लांब ती जाग नसतेच.

दहा सेकंद किंवा अधिक काळ श्वास थांबला किंवा बराच कमी झाला, तर तो एक प्रसंग मोजतात. तासाला पाचपर्यंत डॉक्टर फारसे काळजी करत नाहीत; तीस झाले की आजार तीव्र. आठ तासांत तासाला तीस म्हणजे २४० वेळा झोपमोड, दर दोन मिनिटांनी एक. कुणी दर दोन मिनिटांनी खांदा हलवून उठवलं असतं, तर सकाळी ‘झोप तर पूर्ण झाली’ असं आपण म्हटलं असतं का? असे रुग्ण बहुधा अभिमानाने सांगतात, ‘मला तर पडल्या पडल्या झोप लागते.’ ते लक्षणच असू शकतं, हे त्यांच्या गावीही नसतं. ३० ते ६९ या वयोगटात जगभर सुमारे ९३ कोटी ६० लाख लोकांना हा त्रास कमी-अधिक प्रमाणात असावा, असा अंदाज २०१९ मध्ये मांडला गेला. वजन हे मोठं कारण खरं, पण जबडा लहान किंवा मागे असलेली सडपातळ माणसंही यात सापडतात. स्त्रियांमध्ये घोरण्याऐवजी नुसता थकवा, डोकेदुखी किंवा निद्रानाश पुढे येतो, म्हणून त्यांचं निदान बऱ्याचदा हुकतं.

उपाय मात्र चांगला आहे. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये सीपॅप यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. मास्कमधून हलक्या दाबाने येणारी हवा घशाची वाट उघडी धरते. सुरुवातीच्या यंत्रांत हवेसाठी चक्क व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती.

निदानाला रात्रभराची झोपतपासणी लागते. मनगटावरचं घड्याळ हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधतं, तो पुरत नाही. पण पहिला साक्षीदार बहुधा शेजारी झोपणारा माणूसच असतो, त्याला विचारा. एकटे झोपत असाल तर मोबाइलवर रात्रीचा आवाज टिपून ठेवा आणि सकाळी ऐका. घोरण्याचा आवाज किती मोठा आहे, याकडे फारसं लक्ष देऊ नका. ते मध्येच तुटतं का, दहा-पंधरा सेकंद काहीच ऐकू येत नाही आणि मग एकदम धाप लागल्यासारखा श्वास येतो का, हे ऐका. आला, तर तेवढा तुकडा डॉक्टरांना ऐकवा.