पॅनल लाइन आणि हिंज लाइन: दोन्हींना एकच काळा वॉश कशाला?

परत तेच दिसलं. मॉडेल छान बांधलंय, सांधे साफ घासलेत, डिकल (खुणांची चिकटवायची चित्रं) नीट बसलेत, कॅनपीवर (कॉकपिटच्या काचेवर) गोंदाचा एक डाग नाही, आणि पंखाकडे बघावं तर सगळीकडे एकच वॉश (रेघांत उतरवायचा पातळ केलेला रंग), सगळ्या रेघा एकाच जाडीच्या आणि एकाच काळ्या रंगाच्या. पत्र्याचा सांधा काळा, इंजिनाच्या झाकणाची कड काळी, आणि एलेरॉनची (विमान कलतं करणाऱ्या पंखाच्या मागच्या पट्टीची) फटसुद्धा तेवढीच काळी, ना कमी ना जास्त. मी नोकरीभर विमानं उडवली, आता रिटायर झाल्यावर त्यांची स्केल मॉडेलं बनवतो, आणि हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण बनवणाऱ्याने मेहनत पूर्ण घेतलेली असते, फक्त दोन वेगळ्या गोष्टी एक धरलेल्या असतात आणि तेवढ्यानं विमान खेळण्यातलं दिसायला लागतं.

पॅनल लाइन तुम्हाला माहितीच आहे, किट उघडलं की पहिली तीच दिसते. दोन पत्रे जिथे एकमेकांना भिडतात किंवा एकावर एक चढतात ती रेघ. तिथे काही हलत नाही. आतल्या रिब आणि स्ट्रिंगरच्या सांगाड्यावर पत्रा रिव्हेटनी पक्का बसवलेला असतो, वर प्रायमर, वर रंग. एकावर एक चढलेला सांधा असेल तर तिथे खाच नसतेच, पत्र्याच्या जाडीएवढी बारीक पायरी असते. उठावाच्या रेघा चांगल्या की कोरलेल्या, हा वाद मी इथे घालत नाही, आजकालची बहुतेक किटं कोरलेल्या रेघांची येतात, विषय संपला. रिव्हेटचंही तसंच, मोठ्या स्केलला हलके चालतात, लहान स्केलला नसलेले बरे.

आता हिंज लाइन. एलेरॉन, एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलणारी पट्टी), रडर (शेपटीची उभी), फ्लॅप (उतरताना पंखाखाली उघडतात ते), ट्रिम टॅब (या भागांच्या कडेवरची छोटी पट्टी) हे हलणारे भाग आहेत. हलायचं तर जागा पाहिजे, म्हणून त्यांच्यात आणि पंखात किंवा शेपटीत खरीखुरी मोकळी फट ठेवलेली असते. तिच्या मागे पत्रा नाही, पोकळी आहे. आत प्रकाश जात नाही, म्हणून ती काळी दिसते. पत्र्याच्या सांध्याच्या मागे अशी पोकळी दिसत नाही, तिथे रंगाचा थर असतो, फार तर थोडी धूळ. एवढाच फरक आहे, पण सगळं त्याच्यावर आहे.

माप करून बघा, म्हणजे मी उगाच आग्रह धरत नाहीये हे पटेल. १/७२ ला, म्हणजे खऱ्याच्या ७२ पट लहान स्केलला, मॉडेलवरचा ०.१ मिमी म्हणजे खऱ्या विमानावर ७.२ मिमी. १/४८ ला तोच ४.८ मिमी होतो, १/३२ ला ३.२ मिमी आणि १/१४४ ला १४.४ मिमी. पत्र्याच्या सांध्यात फट असलीच तर एखाद्या मिलिमीटरची धरा, बऱ्याचदा त्याहून कमी. १/७२ ला ती ०.०१४ मिमी झाली. प्लास्टिकच्या साच्यात एवढी बारीक रेघ काढणं जमत नाही, जमलं तरी रंगाच्या पहिल्याच थरात भरून जाईल, म्हणून किटवाले ती साधारण ०.१५ ते ०.२ मिमी करतात. त्यात त्यांची चूक नाही. पण ०.२ मिमी म्हणजे खऱ्या विमानावर १४ मिमी रुंद चर! असा चर पंखावर ठिकठिकाणी असेल तर त्या विमानात मी बसणार नाही, कुठलाच पायलट बसणार नाही.

आता तेच माप हलणाऱ्या भागाला लावा. एलेरॉनच्या पुढची फट विमानाप्रमाणे बदलते, पण काही मिलिमीटरपासून सेंटिमीटरच्या घरात असते. एक सेंटिमीटर धरली तर १/७२ ला ०.१४ मिमी आणि १/४८ ला ०.२ मिमी. म्हणजे बघा, किटमध्ये कोरलेली रेघ हिंज लाइन म्हणून जवळपास बरोबर मापाची आहे आणि पॅनल लाइन म्हणून दहापटीहून जास्त जाड आहे. साचा दोन्हींना एकच रुंदी देतो, पुढे त्यांच्यात फरक करायचं काम आपलं. आणि नेमकं तिथेच लोक बाटली उघडून सगळीकडे एकच वॉश सोडतात.

अजून एक हिशेब. १/७२ चं मॉडेल आपण हातभर अंतरावरून, समजा ३० सेंटिमीटरवरून बघतो, म्हणजे खरं विमान साधारण २१ मीटरवरून बघितल्यासारखं झालं. तेवढ्या अंतरावरून रंगवलेल्या विमानाचे पत्र्याचे सांधे जेमतेम जाणवतात, तेही रेघ म्हणून कमी आणि शेजारशेजारच्या पत्र्यांची चमक वेगळी असते म्हणून जास्त. एलेरॉन आणि फ्लॅपच्या फटी मात्र स्वच्छ दिसतात कारण तिथे सावली आहे. उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारताना पायलट पत्र्यांच्या सांध्यांवरून नजर फिरवतो, पण लहान विमान असेल तर एलेरॉन हातात धरून वरखाली करून बघतो, फटीत वाकून बिजागरी बघतो, बोल्ट आणि त्याची पिन जागेवर आहे का बघतो. ज्या फटीत वाकून बघितल्याशिवाय मी उडलो नाही ती फट आणि पत्र्याचा सांधा मॉडेलवर सारखाच दिसला तर मला ते विमान ओळखीचं वाटत नाही.

फटीच्या आत काय असतं ते माहीत असलं की रंगवणं सोपं होतं. एलेरॉनची पुढची कड सपाट कापलेली नसते, गोलसर असते, आणि ती पंखाच्या मागच्या पोकळीत शिरलेली असते. बऱ्याच विमानांत पंखाचा वरचा पत्रा त्या कडेवर थोडा पुढे येऊन तिला झाकतो, त्यामुळे वरून फट बारीक दिसते आणि खालून रुंद. फ्रीझ एलेरॉन असेल, स्पिटफायरला होते तसे, तर एलेरॉन वर गेल्यावर त्याचं नाक पंखाखाली बाहेर डोकावतं, ते मुद्दामच, म्हणजे त्या बाजूला ड्रॅग (हवेचा विरोध) वाढतो आणि विमानाचं नाक वळणाच्या उलट जात नाही. फटीतून हवा गळणं परवडत नाही, पंखाखाली दाब जास्त आणि वर कमी, हवा त्या फटीतून वर पळाली की एलेरॉनचा जोर कमी होतो, म्हणून डिझायनर फट लागेल तेवढीच ठेवतो. स्लॉटेड फ्लॅपचं याच्या उलट, तिथे फ्लॅप खाली आला की खालची हवा वर यावी म्हणूनच खाच ठेवलेली असते. तेव्हा वरच्या बाजूची हिंज लाइन बारीक आणि खालची थोडी ठसठशीत, एवढं केलं तरी मॉडेल लगेच बदलतं.

आणि जिथे फट नाही तिथे ती काढू नका, ही माझी फार जुनी तक्रार आहे. स्पिटफायरचे फ्लॅप स्प्लिट प्रकारचे, म्हणजे पंखाच्या फक्त खालच्या बाजूचा पत्रा बिजागरीवर खाली उघडतो, वरचा जागचा हलत नाही. डीसी-३ चंही तसंच. मग पंखाच्या वरून फ्लॅपची काळी रेघ कुठून येणार? वरून तिथे साधे पत्र्याचे सांधे आहेत. हां, स्पिटफायरच्या पंखावर एक छोटीशी झडप असते, फ्लॅप उघडले की ती वर येते म्हणजे पायलटला कळतं, ती दाखवा, मला आनंद होईल. मिग-२१ ची शेपटीची आडवी पाखं अख्खीच फिरतात, म्हणून त्यांच्यावर मधोमध एलिव्हेटरची हिंज लाइन नाही, फट आहे ती धडाजवळ, पाख जिथे फिरतं तिथे. ती गडद करा, बाकीच्या रेघा दबू द्या.

दोन्हीतला फरक एकाच विमानात बघायचा असेल तर मॉस्किटो घ्या. लाकडाचं विमान, धड म्हणजे प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा, वरून कापड चिकटवून रंगवलेलं. धडावर पत्र्याचे सांधे असायचा प्रश्नच नाही, तरी एलेरॉन, एलिव्हेटर, रडर, फ्लॅप सगळ्यांच्या फटी आहेत. पॅनल लाइन जवळपास शून्य आणि हिंज लाइन पूर्ण, तरी विमान म्हणून ते कमी दिसत नाही, उलट जास्त देखणं दिसतं. दुसरं उदाहरण मस्टँगचं. त्याच्या पंखाच्या पुढच्या भागातले सांधे आणि रिव्हेट फॅक्टरीतच पुट्टीने भरून, घासून, वर रंग मारायचे, कारण लॅमिनार फ्लो पंखावरून हवा सुरळीत जायला हवी होती. इतक्या काळजीने बुजवलेल्या सांध्यांवर आपण काळा वॉश सोडायचा म्हणजे कमाल आहे. मस्टँगच्या पंखावरच्या पुढच्या रेघा मी भरून टाकतो, बंदुकांची झाकणं, एलेरॉन आणि फ्लॅपच्या तेवढ्या ठेवतो.

झाकणांचं थोडं वेगळं आहे. इंजिनाचं काउलिंग, बंदुकीची झाकणं, मेंटेनन्सची दारं, ही हलणारी नाहीत पण उघडणारी आहेत. मेकॅनिक रोज उघडणार, तेलाचे हात लागणार, कडेचा रंग उडणार. त्यांची कड इतर सांध्यांपेक्षा थोडी गडद चालेल, स्क्रूभोवती थोडा मळ चालेल, पण हिंज लाइनएवढी नाही. विमानवाहू जहाजावरच्या लढाऊ विमानांवर खाऱ्या हवेमुळे गंज धरतो म्हणून झाकणांभोवती, स्क्रूभोवती जागोजागी रंगाचे ठिगळ मारतात, ती विमानं खरंच कळकट दिसतात. पण नीट बघा, तिथेसुद्धा ठिगळं आहेत, काळ्या रेघा नाहीत. आणि एअरलायनर तर सरळ पांढरं आणि धुतलेलं, त्यावर काळ्या पॅनल लाइन मारल्या की माझं मन उठतं. पांढऱ्यावर फिकट राखाडी, बस.

करायचं कसं? रंग लावायच्या आधीच दोन्ही वेगळ्या करून ठेवा. हिंज लाइनवर जाड चिकट टेपची पट्टी लावून स्क्रायबर (रेघ कोरायचं हत्यार) हलक्या हाताने अनेकदा फिरवा, एकदम जोर दिला की हत्यार सटकतं आणि रेघ भरकटते. पॅनल लाइन खोल असतील तर उलटं करा, जाडसर प्रायमर मारून घासा, म्हणजे त्या उथळ होतात. मग रंग, ग्लॉस (चमकदार वार्निश), डिकल, परत ग्लॉस. पहिला वॉश पॅनल लाइनसाठी, ऑइल पेंट पातळ करून, मूळ रंगापेक्षा जेमतेम गडद, राखाडी विमानावर थोडा गडद राखाडी, हिरव्यावर गडद हिरवट तपकिरी, आणि पुसताना हवा वाहते त्या दिशेला, पुढून मागे. तो सुकला की बारीक ब्रशने फक्त हिंज लाइनमध्ये दुसरा वॉश, बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत काळा मिसळून, आणि हा फार पुसायचा नाही. शुद्ध काळा यातही नको, एवढ्याशा मॉडेलवर तो शाईसारखा बाहेर येतो.

प्रीशेडिंगबद्दल (मूळ रंगाआधी रेघांवर गडद रंग मारण्याबद्दल) एकच वाक्य, प्रत्येक पॅनलची कड काळपट आणि मधला भाग फिका, असं विमान मी कुठल्याच हँगरमध्ये पाहिलेलं नाही. आणि कापडाचे एलिव्हेटर, रडर असतील तर त्यात पॅनल लाइन नसतात आणि डोप (कापड ताणून धरणारं वार्निश) लावलेलं कापड डफासारखं ताणलेलं असतं, रिबच्या मध्ये खड्डे पडलेले दाखवू नका.

हिंज लाइन हलणाऱ्या भागाची आहे म्हटल्यावर तो भाग थोडा हललेला दाखवायचा मोह होतो आणि मी म्हणेन दाखवाच, पण विचार करून. स्टिक (पायलटच्या हातातला दांडा) डावीकडे तर डावं एलेरॉन वर आणि उजवं खाली. केबलने जोडलेली दोन्ही एलेरॉन खाली लोंबताना दाखवू नका, एक खाली जाताना दुसरं वर जाणारच. टेलड्रॅगर (शेपटीखाली चाक असलेलं विमान) उभं असेल आणि कंट्रोल लॉक नसतील तर एलिव्हेटर स्वतःच्या वजनाने खाली येतात, स्टिक पुढे जाते, तेव्हा कॉकपिटमधली स्टिकसुद्धा पुढे झुकवा. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारं) असेल तर गणित बदलतं, प्रेशर गेलं की दोन्ही बाजू एकदम खाली येऊ शकतात, उभ्या कॉन्कॉर्डचे एलेव्हॉन (एलेरॉन आणि एलिव्हेटर दोन्हींचं काम करणारे भाग) असेच लोंबलेले असतात. मस्टँगचे फ्लॅप इंजिन बंद झाल्यावर प्रेशर उतरलं की हळूहळू खाली येतात, चाकांची आतली दारंही येतात, म्हणून उभं मस्टँग फ्लॅप खाली ठेवून बरोबर दिसतं. स्पिटफायरचे फ्लॅप हवेच्या दाबावर चालायचे, त्यांना दोनच जागा, पूर्ण वर नाहीतर पूर्ण खाली, आणि उतरल्यावर पायलट ते वर घ्यायचा, म्हणून उभं स्पिटफायर फ्लॅप वर ठेवूनच करा. भाग कापून कोन देऊन परत चिकटवलात तर त्या फटीत वॉश घालू नका, आता तिथे खरी पोकळी आहे आणि खरी सावली पडते, फक्त एलेरॉनची पुढची कड चिकटवायच्या आधी घासून गोल करून घ्या.