आभासी यंत्राला प्रोसेसरची ओळख कोण करून देतो?

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत प्रोग्रामने उभ्या केलेल्या आभासी यंत्रामध्ये, कितीही संशयास्पद फाइल उघडली तरी खऱ्या संगणकाला तिची बाधा होत नाही, असा समज मुंबईतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांपासून ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांत जागा भाड्याने घेणाऱ्या छोट्या कंपन्यांपर्यंत सर्वत्र आढळतो. या समजात तथ्य आहे, पण अर्धेच. एका संगणकावर चार आभासी यंत्रे चालत असतील, तर त्यांची स्मृती आणि डिस्क वेगवेगळी ठेवण्याचे काम हायपरव्हायजर नावाचा प्रोग्राम करतो. मात्र त्या चौघांच्या खाली प्रोसेसर एकच असतो, आणि आभासी यंत्र तयार करताना आपण ज्या पर्यायांवर न वाचता ‘पुढे’ असे दाबतो, त्यांतले बरेचसे पर्याय या सामायिक प्रोसेसरविषयीच असतात.

इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये आभासी यंत्रांसाठी प्रोसेसरमध्येच खास सोय केली. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या संगणकात ही सोय बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) बंद असेल तर ती आधी चालू करावी लागते. बहुतेकांचे प्रोसेसरच्या पर्यायांशी नाते तिथेच संपते.

खरी गंमत त्यापुढे आहे. प्रोसेसर कोणत्या जातीचा आहे आणि त्याला काय काय करता येते, हे विचारण्यासाठी सीपीयूआयडी नावाची एक सूचना असते. ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होताना ती अनेकदा वापरून प्रोसेसरच्या क्षमतांची यादी करते आणि पुढचे सगळे वर्तन त्या यादीवर बेतते. परंतु आभासी यंत्राने ही सूचना दिली की इंटेलचा प्रोसेसर तिचे उत्तर स्वतः देत नाही. तो आभासी यंत्राला थांबवतो आणि नियंत्रण हायपरव्हायजरच्या हाती देतो. हायपरव्हायजर आपल्याला योग्य वाटेल ते उत्तर रजिस्टरांमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांत) भरतो आणि यंत्राला पुन्हा चालू करतो. आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला यातले काहीही कळत नाही. तिच्या दृष्टीने प्रोसेसर म्हणजे हायपरव्हायजरने सांगितलेली यादी, आणि या संपूर्ण विषयात मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट हीच आहे.

हायपरव्हायजर खरे का सांगत नाही? डेटा सेंटरमधले सर्व्हर वेगवेगळ्या वर्षी विकत घेतलेले असतात आणि चालू असलेले आभासी यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवावे लागते. नव्या प्रोसेसरवर वापरात असलेली एखादी सूचना जुन्या प्रोसेसरला ठाऊकच नसेल, तर यंत्र हलवताच ते कोसळेल. म्हणून आभासी यंत्रे चालवणाऱ्या क्यूईएमयूसारख्या प्रणालीत ‘केव्हीएम-६४’ या नावाचा एक काल्पनिक, अत्यंत साधा प्रोसेसर ठेवलेला आहे, जो कुठेही चालतो.

या सोयीची किंमत जानेवारी २०१८ मध्ये उघड झाली. त्या महिन्यात मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरच्या रचनेतले दोष जाहीर झाले. आधुनिक प्रोसेसर पुढे काय करावे लागेल याचा अंदाज बांधून काम आधीच उरकून ठेवतो. उडुपी हॉटेलातला वेटर रोजचे गिऱ्हाईक दिसताच मागणीआधी इडली-सांबार आणून ठेवतो. गिऱ्हाइकाने नको म्हटले तर ताटली परत जाते, बिलात काही लागत नाही, पण शेजारच्या टेबलावरच्या चौकस माणसाला ते गिऱ्हाईक रोज काय खाते ते कळलेले असते. प्रोसेसरही चुकलेल्या अंदाजाचे काम रद्द करतो, परंतु त्या कामासाठी मुख्य स्मृतीतून उचललेली माहिती कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या छोट्या वेगवान स्मृतीत, राहून जाते. कॅशमधली माहिती मोजक्या घड्याळ-ठोक्यांत मिळते आणि मुख्य स्मृतीतली मिळायला शेकडो ठोके लागू शकतात. हा फरक मोजून दुसऱ्याचे गुपित अक्षराअक्षराने काढता येते.

यावर उपाय आले, पण त्यांतले अनेक उपाय प्रोसेसरच्या नव्या क्षमतांवर अवलंबून आहेत. अंदाज बांधणारा भाग पुसून कोरा करण्याची सोय मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या बदलता येणाऱ्या प्रोग्रामच्या) सुधारणेतून आली आणि तिची खूण ‘स्पेक-सीटीआरएल’ अशी यादीत दिसू लागली. मे २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पुढच्या दोषांसाठी ‘एमडी-क्लिअर’ ही खूण आली. आभासी यंत्राला केव्हीएम-६४ हा प्रोसेसर दाखवलेला असेल, तर या खुणा त्याला दिसतच नाहीत आणि आतली ऑपरेटिंग सिस्टीम अद्ययावत असूनही ते उपाय वापरू शकत नाही. ‘पीसीआयडी’ची, म्हणजे कोणते पत्ते-भाषांतर कोणाचे हे ओळखू देणाऱ्या क्षमतेची, कथा आणखी मासलेवाईक आहे. मेल्टडाउनवरचा उपाय कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची, पृष्ठ-कोष्टके (स्मृतीचे पत्ते शोधण्याच्या याद्या) वेगळी ठेवतो. पीसीआयडी दिसत नसेल तर या कोष्टकांच्या प्रत्येक अदलाबदलीत पत्त्यांच्या भाषांतराचा साठा पुसावा लागतो. यंत्र मंदावते आणि मग कुणीतरी वैतागून तो उपायच बंद करून टाकतो.

म्हणून प्रोसेसरचा प्रकार निवडताना खालच्या संगणकाचा खराच प्रोसेसर दाखवणारा ‘होस्ट’ हा पर्याय, किंवा आपल्या सर्व्हरांपैकी सर्वांत जुन्या पिढीचे नाव घेऊन वरच्या खुणा जोडणे, हे शहाणपणाचे ठरते. लिनक्समध्ये ‘एलएससीपीयू’ या आज्ञेच्या नव्या आवृत्तीने शेवटी दोषांची यादी आणि प्रत्येकावरचा उपाय छापला जातो, ही तपासणी आभासी यंत्राच्या आत जाऊन करावी. ऑगस्ट २०१८ मधला एल१ कॅशचा दोष मात्र आभासी यंत्रांच्या बाबतीत खालच्या संगणकाच्या मालकानेच बंदोबस्त करण्याजोगा आहे.

दसऱ्याला अनेक कार्यालयांत सर्व्हरच्या रॅकला झेंडूची माळ घातली जाते आणि हळदकुंकू वाहिले जाते. श्रद्धेचा मान राखूनही असे म्हणावेसे वाटते की माळ हवेच्या वाटेवर येऊ नये आणि त्याच मुहूर्तावर मायक्रोकोडही अद्ययावत करावा. ‘लष्करी दर्जाची सुरक्षा’ विकणाऱ्या जाहिरातींतही कोणत्या खुणा चालू आहेत याचा उल्लेख शोधून सापडत नाही.

बूटच्या, म्हणजे यंत्र सुरू होण्याच्या, पर्यायांबद्दल थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या आणि मोजमापे जपणारी चिप) आणि सिक्युअर बूटची अट घातल्यामुळे हे शब्द घरोघरी पोहोचले, आणि व्हर्च्युअलबॉक्स या आभासी यंत्रांच्या प्रोग्राममध्ये ही सोय २०२२ च्या सातव्या आवृत्तीत आली. सिक्युअर बूटमध्ये यूईएफआय फर्मवेअर (बायोसची नवी पिढी) ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करणाऱ्या बूटलोडरची डिजिटल सही तपासते. क्यूईएमयूमध्ये त्यासाठी ‘क्यू-३५’ हा मदरबोर्डचा प्रकार निवडावा, कारण सह्यांच्या चाव्यांचा साठा आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमपासून राखणारी एसएमएम ही सोय त्याच्याबरोबर मिळते. आभासी टीपीएम सुरू होणाऱ्या प्रत्येक भागाचा हॅश (त्या भागावरून काढलेला ठसा) आधीच्या मूल्यात मिसळून नवे मूल्य साठवतो, त्यामुळे मधली एक पायरी बदलली तरी शेवटचा आकडा जुळत नाही. मात्र हा टीपीएम नेहमीच्या रचनेत खालच्या संगणकावरच्या फायलीत राहतो, आणि त्या संगणकाच्या प्रशासकावर विश्वास नसेल तर एएमडीचे एसईव्ही किंवा इंटेलचे टीडीएक्स यांसारखी, आभासी यंत्राची स्मृतीच कूटबद्ध करणारी सोय लागते.

प्रोसेसरचा प्रकार बदलल्यानंतर आतून ‘रीस्टार्ट’ केल्याने क्यूईएमयूमध्ये सहसा काहीच बदलत नाही, कारण हायपरव्हायजरची प्रक्रिया तीच चालू राहते आणि जुनीच यादी पुन्हा वाचून दाखवते. यंत्र पूर्ण बंद करून नव्याने सुरू करावे लागते.